सगळ्यांची पिन टाईप-सी, तरी एका चार्जरवर सगळं का चालत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातला लॅपटॉप, फोन, ट्रिमर आणि मॉनिटर सगळे टाईप-सी झाले, म्हणून ६५ वॅटचा दोन सॉकेटचा एकच चार्जर घेतला आणि फोनबरोबर आलेली केबल सगळीकडे वापरायला सुरुवात केली. आता लॅपटॉप 'स्लो चार्जर' असा संदेश दाखवतो. ६७ वॅटने चार्ज होणारा फोन पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ घेतो. दुसऱ्या सॉकेटला काही लावलं की लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर तुटतं. ट्रिमर तर अजिबात चार्ज होत नाही, आणि त्याच केबलने मॉनिटर जोडला तर पडदा काळाच राहतो. चार्जर खराब निघाला की 'सगळ्यांसाठी एकच केबल' हे म्हणणंच खोटं?

चार्जर बहुतेक ठीक आहे. या पाच तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि त्यातली निदान तीन केबलशी निगडित आहेत. नक्की कोणतं कारण तुमच्या बाबतीत लागू पडतं, ते लॅपटॉपचं मॉडेल, फोनची कंपनी आणि चार्जरवरची बारीक अक्षरं पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. पण ते तुमचं तुम्हाला शोधता येईल.

आधी मूळ घोटाळा दूर करू. टाईप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे. ऑगस्ट २०१४मध्ये हे मानक प्रसिद्ध झालं. त्यात साधारण ८.४ मिलिमीटर रुंद आणि २.६ मिलिमीटर उंच असं सॉकेट ठरलं. आत १२-१२च्या दोन ओळींत २४ संपर्क, आणि कोणत्याही बाजूने घातलं तरी चालेल अशी मांडणी. त्या तोंडातून किती वॅट जाणार, डेटा किती वेगाने जाणार आणि चित्र जाणार की नाही, या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. तोंडाचा आकार यांपैकी कशाचीच हमी देत नाही. २४ संपर्क असले तरी साध्या चार्जिंग केबलमध्ये त्यांतले मोजकेच वापरलेले असतात, आणि स्वस्त ट्रिमर किंवा टॉर्चमध्ये तर फक्त वीज घेणारं सहा संपर्कांचं सॉकेट बसवलेलं असतं. बाहेरून यातलं काहीही दिसत नाही, आणि इथेच गिऱ्हाईक फसतं.

विजेपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या चार तक्रारी तिच्याच आहेत.

जुन्या चौकोनी यूएसबी-ए सॉकेटवर ५ व्होल्ट कायम उभे असतात. टाईप-सी चार्जरच्या सॉकेटवर मात्र काही जोडलेलं नसताना शून्य व्होल्ट असतात. समोर खरोखर वीज घेणारं उपकरण आहे अशी खात्री पटल्यावरच चार्जर ५ व्होल्ट सोडतो. ही खात्री सीसी नावाच्या संपर्कावरून होते. सॉकेटमध्ये असे दोन संपर्क असतात, सीसी-१ आणि सीसी-२. वीज घेणाऱ्या उपकरणात या दोन्ही संपर्कांपासून ग्राउंडपर्यंत (म्हणजे वीज परत जाण्याच्या तारेपर्यंत) ५.१ किलोओहमचा एक-एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला रोध करणारा छोटा भाग, असावा लागतो. चार्जर आपल्या बाजूने एक रेझिस्टर लावून तिथला व्होल्टेज मोजतो. ५.१ किलोओहमची खूण मिळाली की समोर उपकरण आहे हे त्याला कळतं, आणि दोनपैकी कोणत्या सीसीवर खूण मिळाली त्यावरून केबल सुलटी आहे की उलटी तेही कळतं. त्याच वेळी चार्जरच्या रेझिस्टरवरून उपकरणाला समजतं की ५ व्होल्टवर साधा प्रवाह मिळणार, १.५ अँपिअर मिळणार की ३ अँपिअर.

एवढी ओळख पटल्यावर, दोन्हीकडे सोय असेल तर, त्याच सीसी तारेवरून पॉवर डिलिव्हरी म्हणजे पीडीची बोलणी सुरू होतात. चार्जर आपली यादी पाठवतो: माझ्याकडे ५ व्होल्टला इतके अँपिअर, ९ला इतके, १५ला इतके, २०ला इतके. उपकरण त्यातलं एक मागतं, चार्जर होकार देतो आणि मगच व्होल्टेज वाढवतो. म्हणून १४० वॅटचा चार्जर १० वॅटच्या इअरफोनच्या डबीला लावला तर काही बिघडत नाही. मागितल्याशिवाय जास्त व्होल्टेज दिला जात नाही. वॅट जास्त म्हणजे फोन जळेल, ही भीती मनातून काढून टाका.

या बोलण्यांत तिसरा पक्ष असतो केबल. साधी टाईप-सी ते टाईप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच धरली जाते. २० व्होल्ट गुणिले ३ अँपिअर म्हणजे ६० वॅट. त्याहून जास्त प्रवाह हवा असेल तर केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची छोटी चिप असावी लागते, आणि ती चार्जरला सांगते की ही केबल ५ अँपिअर सोसू शकते. चिपने उत्तर दिलं नाही, तर चार्जर ३ अँपिअरच्या वरचा पर्याय देतच नाही. केबल कितीही जाडजूड आणि दोरा विणलेली असली तरी फरक पडत नाही. थोडक्यात, चार्जर, केबल आणि उपकरण या तिघांत ज्याची कुवत सगळ्यात कमी, तेवढंच मिळतं.

आता लॅपटॉप. तुमच्या चार्जरवर बारीक अक्षरांत '२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर' असं लिहिलेलं असेल, कारण ६५ वॅट असेच होतात. हा ३.२५चा आकडा फार नडतो. तो ३ अँपिअरच्या थोडाच वर आहे, पण वर आहे. फोनबरोबर आलेल्या साध्या केबलवरून लॅपटॉपला ६० वॅटच मिळू शकतात. काही लॅपटॉप तेवढ्यावर मुकाट्याने चालतात, काही लगेच इशारा देतात, ते कंपनीने कसं ठरवलं आहे त्यावर अवलंबून आहे. शिवाय चार्जरची दोन्ही सॉकेट वापरात असतील तर हे ६५ वॅट दोघांत वाटले जातात. बऱ्याच चार्जरमध्ये वाटणी ४५ आणि २० अशी असते. मूळ चार्जर ६५ वॅटचा असलेला लॅपटॉप ४५ वॅटवर इशारा देणारच. ही वाटणी चार्जरच्या अंगावर किंवा खोक्यावर छापलेली असते, ती वाचा. साध्या कामाला ४५ वॅट पुरतात, पण व्हिडिओ संपादन किंवा गेम चालू असेल तर बॅटरी चार्जरवर असूनही उतरू शकते.

चार्जिंग क्षणभर तुटतं त्याचं कारणही या वाटणीतच आहे. दुसऱ्या सॉकेटला काही लावलं की चार्जरला पहिल्याला दिलेला शब्द मागे घेऊन नवी यादी पाठवावी लागते. बरेच चार्जर त्यासाठी पुरवठा एकदा बंद करून पुन्हा सुरू करतात. लॅपटॉपला आणि फोनला स्वतःची बॅटरी असते, त्यांना फरक पडत नाही. पण बाहेरची हार्ड डिस्क किंवा रास्पबेरी पाय (एका छोट्या बोर्डावरचा संगणक) अशा चार्जरवर चालवत असाल, तर ती त्या क्षणी बंद पडते आणि डेटा बिघडू शकतो. अशा वस्तूंना एक सॉकेटचा वेगळा चार्जर ठेवा.

फोनचं गणित वेगळं आहे. ६७, ८०, १२० वॅट असे आकडे मिरवणारे बहुतेक फोन तो वेग कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने गाठतात. त्यासाठी त्याच कंपनीचा चार्जर लागतो, आणि बऱ्याचदा सोबतची खास केबलही लागते. पीडी चार्जरला लावल्यावर असा फोन दोघांना समजणाऱ्या भाषेवर येतो आणि बऱ्याच कमी वॅटवर चार्ज होतो. किती कमी, ते मॉडेलवर आहे. यात बिघाड काही नाही. दिवसभराचं चार्जिंग कमी वॅटवर झालं तर बॅटरी कमी तापते, एवढा फायदाच आहे. घाई असेल तेव्हा फोनचा मूळ चार्जर वापरा, म्हणून तो देऊन टाकू नका.

इथे एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे: पीपीएस. साध्या पीडीत ५, ९, १५, २० अशा ठरलेल्या पायऱ्या असतात. पीपीएसमध्ये फोन चार्जरला २० मिलिव्होल्टच्या बारीक पायऱ्यांनी व्होल्टेज कमी-जास्त करायला सांगू शकतो. फोनमधलं सर्किट बाहेरून आलेला व्होल्टेज साधारण निम्मा करून बॅटरीला देतं. बॅटरी ४.२ व्होल्टला असेल तर बाहेरून साडेआठच्या आसपास हवेत, नऊ नकोत. जास्तीचा भाग फोनमध्ये उष्णता होऊन बाहेर पडतो, म्हणून हा बारीकपणा. सॅमसंगचं ४५ वॅट चार्जिंग पीपीएसवर चालतं आणि त्याला ५ अँपिअरची केबल लागते. चार्जरवर नुसतं 'पीडी ६५ वॅट' असेल आणि पीपीएसची ओळ नसेल, तर असा फोन त्याच्यावर मंद चालेल. पीपीएसची ओळ '३.३ ते ११ व्होल्ट' किंवा '३.३ ते २१ व्होल्ट' अशा दिसणाऱ्या आकड्यांनी ओळखता येते.

आता ट्रिमर. ही तक्रार सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी आहे. ट्रिमर, रिचार्जेबल टॉर्च, छोटे पंखे, स्वस्त स्पीकर यांत बनवणाऱ्याने जुनी मायक्रो पिन काढून टाईप-सी सॉकेट बसवलेलं असतं, पण ५.१ किलोओहमचे ते दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. काही पैशांची बचत. परिणाम असा की टाईप-सी चार्जरला समोर कुणी आहे हेच कळत नाही आणि तो शून्य व्होल्टवर बसून राहतो. तोच ट्रिमर जुन्या यूएसबी-ए चार्जरवर, ए ते सी केबलने, लगेच चार्ज होतो, कारण तिथे ५ व्होल्ट आधीपासूनच उभे असतात. ही चाचणी घरी एका मिनिटात होते. ए ते सी केबलवर चालतो आणि सी ते सीवर मेलेला, म्हणजे रेझिस्टर नाहीत असं समजा.

याचाच एक चुलत प्रकार आहे. काही वस्तूंमध्ये दोन सीसी संपर्क एकत्र जोडून दोघांना मिळून एकच रेझिस्टर लावलेला असतो. २०१९च्या रास्पबेरी पाय ४च्या सुरुवातीच्या बोर्डांत हीच चूक होती, पुढच्या आवृत्तीत ती सुधारली. अशी वस्तू साध्या ३ अँपिअरच्या सी ते सी केबलवर चालते. पण ई-मार्कर असलेल्या केबलमध्ये दुसऱ्या सीसीच्या जागी साधारण १ किलोओहमचा रोध असतो. तो ५.१ किलोओहमला समांतर येतो आणि दोन्ही मिळून साधारण ८४० ओहम होतात. चार्जरला वाटतं हे हेडफोनचं जोडणं आहे, आणि तो वीज सोडत नाही. म्हणजे महागडी १०० वॅटची केबल लावली की वस्तू बंद, साधी लावली की चालू. उलटसुलट वाटतं, पण दोष केबलचा नाही.

यावर उपाय दोन. सोपा उपाय म्हणजे यूएसबी-ए सॉकेट असलेला एक जुना ५ व्होल्टचा चार्जर आणि एक ए ते सी केबल घरात कायम ठेवायची. दुसरा उपाय दुरुस्तीवाल्याकडचा. सॉकेटच्या सीसी-१ संपर्कापासून ग्राउंडपर्यंत एक आणि सीसी-२पासून ग्राउंडपर्यंत दुसरा, असे ५.१ किलोओहमचे दोन एसएमडी रेझिस्टर लावायचे. दोघांना मिळून एक लावून चालत नाही. सॉकेटच्या संपर्कांमधलं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि सीसीच्या शेजारीच विजेचा संपर्क, त्यामुळे भिंग आणि बारीक टोकाची सोल्डरिंग इस्त्री नसेल तर हे करू नका. काम झाल्यावर वीज लावण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही सीसी ते ग्राउंड ५.१ किलोओहम दाखवतात का आणि सीसी ते विजेचा संपर्क शॉर्ट नाही ना, हे मोजायचं. वॉटरप्रूफ ट्रिमर उघडला की त्याचं सील जातं, म्हणून तिथे मी पहिलाच उपाय सुचवेन.

ए ते सी केबलबद्दल एक सावधगिरी. या केबलच्या सी टोकात ५६ किलोओहमचा रेझिस्टर असायला हवा. त्याचा अर्थ 'मागे जुना साधा चार्जर आहे, बेताने ओढ'. सुरुवातीच्या काळात अनेक केबलमध्ये चुकून १० किलोओहमचा रेझिस्टर असे. त्यामुळे फोनला वाटायचं मागे ३ अँपिअर आहेत, आणि तो जुन्या लॅपटॉपच्या पोर्टमधून झेपत नाही तेवढा प्रवाह ओढायचा. गूगलमधले अभियंते बेन्सन लेउंग यांनी २०१५च्या अखेरीपासून बाजारातल्या केबल एकेक करून तपासल्या आणि हा दोष लोकांसमोर आणला. फेब्रुवारी २०१६मध्ये तारा उलट जोडलेल्या एका केबलने त्यांचा स्वतःचा लॅपटॉप निकामी झाला. आज परिस्थिती सुधारली आहे. तरी नाव-गाव नसलेली, रेल्वे स्टेशनबाहेर मिळणारी केबल लॅपटॉपला लावू नये, हे मी आग्रहाने सांगतो. फोन-ट्रिमरला ५ व्होल्टवर ती फारसं बिघडवत नाही. लॅपटॉपला २० व्होल्ट येतात, आणि तिथे चूक महागात पडते.

मॉनिटर काळा राहतो याची तीन कारणं असू शकतात, आणि तिन्ही तपासावी लागतात. पहिलं म्हणजे केबल. फोनबरोबर येणाऱ्या चार्जिंग केबलमध्ये विजेच्या, सीसीच्या आणि यूएसबी २.०च्या दोन डेटा तारा असतात. चित्र नेणाऱ्या जलद जोड्या नसतातच. अशा केबलने चित्र जाण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरं कारण लॅपटॉपचं पोर्ट. टाईप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडण्यासाठी 'डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड' ही सोय लॅपटॉपच्या बोर्डवर असावी लागते. एकाच लॅपटॉपवर दोन टाईप-सी पोर्ट असतात आणि एकालाच ही सोय असते, असंही दिसतं. पोर्टशेजारी विजेच्या बाणाची थंडरबोल्ट खूण किंवा डिस्प्लेपोर्टची खूण असेल तर चित्र मिळेल. नुसती यूएसबीची त्रिशूळासारखी खूण असेल तर मॉडेलची माहितीपत्रिका पाहा. तिसरं म्हणजे मॉनिटर. त्याचं टाईप-सी सॉकेट चित्र घेणारं आहे की फक्त माऊस-कीबोर्ड जोडण्यासाठी आहे, तेही माहितीपत्रिकेतच कळतं. मध्यम किमतीच्या बहुतेक फोनमध्ये ही सोय नसते, त्यामुळे फोन ते टीव्ही असं केबल जोडून काही दिसलं नाही तर केबलला दोष देऊ नका.

याच्याशी जोडलेला एक प्रश्न नेहमी येतो. टाईप-सी हब (एका पोर्टातून अनेक पोर्ट काढणारी डबी) लावला की ४के मॉनिटर सेकंदाला ६० ऐवजी ३० चौकटींवर का अडकतो, माऊस जड का वाटतो? टाईप-सीमध्ये जलद तारांच्या चार वाटा असतात. हबला जलद यूएसबीही द्यायचं असतं, म्हणून तो दोन वाटा डेटाला आणि दोन चित्राला देतो. जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२ वेगाने चार वाटांवर सुमारे १७ गिगाबिट जातात, दोन वाटांवर त्याच्या निम्मे, साधारण साडेआठ. ४के चित्र ६० चौकटींना साधारण १२ ते साडेबारा गिगाबिट मागतं, ते साडेआठमध्ये बसत नाही. म्हणून हब घेताना '४के' एवढंच पाहू नका, '४के ६० हर्ट्झ' लिहिलं आहे का ते पाहा, आणि तुमच्या लॅपटॉपचं पोर्ट डिस्प्लेपोर्ट १.४ देतं का तेही. दोन्ही असतील तरच ते जमतं.

डेटाच्या वेगाबद्दल थोडक्यात. यूएसबी २.०चा वेग ४८० मेगाबिट, म्हणजे व्यवहारात सेकंदाला ३५ ते ४० मेगाबाइट. लग्नाच्या व्हिडिओची ५० गिगाबाइटची फाईल त्याने एकवीस ते चोवीस मिनिटं घेते. १० गिगाबिटची केबल, पोर्ट आणि चांगली एसएसडी असेल तर तेच काम मिनिटभरात उरकतं. पायऱ्या ५, १०, २०, ४० आणि आता ८० गिगाबिट अशा आहेत. सप्टेंबर २०२३मध्ये आयफोन १५ टाईप-सीवर आला, तेव्हा साध्या मॉडेलला यूएसबी २.०चाच वेग होता आणि प्रो मॉडेलला १० गिगाबिट. तोंड दोघांचं सारखंच.

वॅट आणि गिगाबिट यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. २४० वॅटची केबल डेटाला यूएसबी २.०चीच असू शकते, आणि ४० गिगाबिटची केबल ६० वॅटचीच असू शकते. लांबीही महत्त्वाची आहे. यूएसबी २.०ची सी ते सी केबल ४ मीटरपर्यंत चालते. १० गिगाबिटला साधारण १ मीटर आणि ४० गिगाबिटला, आत संकेताला जोर देणारी चिप नसलेल्या साध्या केबलला, ८० सेंटिमीटर ही मर्यादा समजा. म्हणून पलंगापर्यंत पोचणारी दोन-तीन मीटरची लांब केबल चार्जिंगला ठेवा आणि डेटा-चित्रासाठी वेगळी आखूड केबल ठेवा. एकाच केबलमध्ये दोन्ही शोधायला गेलात तर महाग पडेल आणि ती पलंगापर्यंत पोचणारही नाही.

बिघाड शोधताना मी जो क्रम धरतो तो सांगतो. आधी सॉकेट. टॉर्च मारून आत पाहा. पिन शेवटपर्यंत न जाता थोडी बाहेर राहते आणि 'टक' असा आवाज येत नाही, तर तळाशी खिशातल्या कापडाचा पिंज दाबून बसलेला असतो. उपकरण बंद करा आणि लाकडी टूथपिकचं टोक चपटं करून कडेकडेने पिंज उकरून काढा. सुई किंवा टाचणी वापरू नका. सॉकेटच्या मधोमध पातळ जीभ असते, ती वाकली किंवा तिच्यावरचे संपर्क खरवडले तर सॉकेटच बदलावं लागतं. पकडीच्या स्प्रिंग मुद्दाम केबलच्या टोकात ठेवल्या आहेत, म्हणजे झीज केबलची व्हावी, फोनची नाही. त्यामुळे साफ केल्यावरही पिन सैल वाटली तर आधी दुसरी केबल लावून पाहा.

मग केबल उलटी करून पाहा. एका बाजूने चालते आणि दुसऱ्या बाजूने नाही, तर एका ओळीतला संपर्क, बहुधा सीसी, खराब किंवा मळलेला आहे. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. तोच चार्जर, तेच उपकरण, केबल दुसरी. सुधारलं नाही तर तीच केबल, तेच उपकरण, चार्जर दुसरा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काहीच कळत नाही. वरचेवर अशी कामं करायची असतील तर केबलच्या मध्ये लावायचा यूएसबी-सी टेस्टर घ्या. तो व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो, आणि जरा बरा असेल तर ई-मार्करही वाचतो. लॅपटॉप चार्ज होताना त्यावर २० व्होल्ट दिसले पाहिजेत. ५ व्होल्टच दिसत असतील तर पीडीची बोलणी झालेलीच नाहीत. ९ किंवा १५ दिसत असतील तर चार्जरची कुवत कमी आहे.

ओल्या सॉकेटला वीज लावू नका. कोकणात, गोव्यात किंवा पावसाळ्यात कुठेही, ओलसर सॉकेटमध्ये केबल तशीच राहिली तर विजेचा संपर्क काही दिवसांत हिरवा-काळा पडतो. फोनने ओलाव्याची सूचना दिली तर तोंड खाली करून हवेवर वाळू द्या. तांदळात ठेवू नका, भुसा आत जातो.

काही वस्तू मी लॅपटॉपसाठी वापरूच नका म्हणतो. एका सी सॉकेटमधून दोन सी टोकं काढणारी केबल यात पहिली. सीसीची तार एकाच जोडीची बोलणी करू शकते. दोन उपकरणं एका तारेवर आली तर चार्जर काय समजेल याचा नेम नाही. चुंबकाने चिकटणारी टोकं दुसरी. त्यांचे संपर्क उघडे असतात, जागेवरून किंचित सरकतात, आणि २० व्होल्ट शेजारच्या सीसी संपर्काला भिडले तर लॅपटॉपची पोर्ट सांभाळणारी चिप जाते. तिसरं, सी सॉकेटला यूएसबी-ए पिन लावणारा छोटा अडॅप्टर आणि सी एक्स्टेन्शन केबल. टाईप-सीच्या मानकात या दोन्हींना परवानगी नाही, तरी दुकानात सर्रास मिळतात.

वीज गेल्यावर १२ व्होल्टचा वाय-फाय राऊटर पॉवर बँकेवर चालवायला पीडी ट्रिगर केबल (पीडीतून ठराविक व्होल्टेज मागून घेणारी केबल) घेणारे बरेच जण आहेत, म्हणून त्याचंही सांगतो. १२ व्होल्ट ही पीडीची सक्तीची पायरी नाही. पॉवर बँकेच्या यादीत १२ व्होल्ट छापलेले नसतील तर ट्रिगर केबल ९ व्होल्टच देईल आणि राऊटर सुरू-बंद होत राहील. विकत घेण्याआधी पॉवर बँकेच्या पाठीवरची ओळ वाचा.

नियमांचं काय? युरोपियन युनियनमध्ये २८ डिसेंबर २०२४पासून नवे फोन, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन टाईप-सीचेच असावे लागतात, आणि लॅपटॉपसाठी तारीख २८ एप्रिल २०२६ ठरली. त्या नियमातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग आकाराबद्दलचा नाही. १५ वॅटच्या वर चार्ज होणाऱ्या उपकरणाला पीडी समजलीच पाहिजे आणि कंपनीच्या खास पद्धतीने तिच्या आड येता कामा नये, अशी अट त्यात आहे. तुमच्या फोनसारख्या तक्रारींवर खरा उपाय तोच आहे. भारतात भारतीय मानक ब्युरोने २०२३च्या जानेवारीत टाईप-सीचं भारतीय मानक जाहीर केलं. ते आयईसीच्या आंतरराष्ट्रीय मानकावरच आधारलेलं आहे. चार्जर घेताना त्यावरचा ब्युरोचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून पाहा. नाव जुळलं नाही तर तो चार्जर परत करा.

तुमच्यासाठी खरेदीची यादी लहान आहे. 'यूएसबी २४० वॅट' किंवा '५ अँपिअर, ई-मार्कर' असं स्पष्ट लिहिलेली दीड-दोन मीटरची एक सी ते सी केबल लॅपटॉपसाठी घ्या. मॉनिटरला अल्ट मोड आहे याची खात्री झाली, तर १ मीटरच्या आतली, १० गिगाबिट आणि ४के ६० हर्ट्झ लिहिलेली दुसरी केबल. ट्रिमरसाठी जुना यूएसबी-ए चार्जर आणि ए ते सी केबल. केबलच्या टोकाला रंगीत टेप लावून वॅट आणि गिगाबिट लिहून ठेवा, कारण महिन्याभरात सगळ्या काळ्या केबल एकसारख्या दिसायला लागतात. नवी केबल आल्यावर लॅपटॉप एकटाच लावून पाहा, दुसरं सॉकेट रिकामं ठेवून. तरीही इशारा आला तर लॅपटॉपच्या मूळ चार्जरचे वॅट वाचा. तिथे ९० किंवा १०० असेल, तर ६५ वॅटचा चार्जर त्याला केबल बदलूनही पुरणार नाही.